कोणी गप्प बसायचं?

तुमच्या खिशातला मोबाइल शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या मोबाइलशी थेट बोलत नाही. कॉल आधी टॉवरकडे जातो, तिथून कंपनीच्या केंद्राकडे, आणि मग उलट्या वाटेने दोन फुटांवरच्या फोनपर्यंत येतो. टॉवर उभा आहे, त्याला वीज मिळते आहे, मागची केबल शाबूत आहे, तोवर हा वळसा कुणाच्या लक्षातही येत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मुरुड-श्रीवर्धन पट्ट्यातल्या अनेक गावांत वीज गेली आणि मोबाइल मुके झाले. हातातले फोन धडधाकट होते. त्यांच्यामधला मध्यस्थ तेवढा गेला होता.

असा मध्यस्थ न ठेवता आपापसांत बोलणाऱ्या रेडिओंच्या जाळ्याला अ‍ॅड हॉक नेटवर्क म्हणतात. त्यातला प्रत्येक रेडिओ, म्हणजे नोड, स्वतःचं बोलतो आणि दुसऱ्याचंही पुढे पोचवतो. एकाची रेंज संपते तिथे मधला कोणीतरी रिले होतो. निरोप एकालाच द्यायचा असेल, तर वाट एकदा सापडली की काम सोपं आहे. पण ‘पाणी चढतंय, पुलावरून जाऊ नका’ हे सगळ्यांना सांगायचं असतं. शिवाय एकाचीच वाट शोधायची असली तरी आधी चारचौघांत विचारावं लागतं. एओडीव्ही या प्रसिद्ध पद्धतीत ‘अमुक नोड कुठे आहे?’ ही चौकशी आधी फक्त शेजाऱ्यांपुरती केली जाते, मग तीन टप्प्यांपर्यंत, मग पाच, मग सात, आणि तरीही पत्ता लागला नाही तर सबंध जाळ्यात. थोडक्यात, सर्वांसाठी केलेलं प्रसारण, म्हणजेच ब्रॉडकास्ट, हा या जाळ्याचा पाया आहे. हा पाया घालताना सगळ्यात अवघड प्रश्न एकच पडतो: कानावर आलेला निरोप कोणी पुढे सांगायचा आणि कोणी गप्प बसायचं?

एक हवा, अनेक आवाज

१९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅम्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अलोहानेट’ सुरू केलं. वेगवेगळ्या बेटांवरच्या टर्मिनलांना ओआहू बेटावरच्या मुख्य संगणकाशी रेडिओने जोडायचं होतं. नियम अगदी साधा होता. सांगायचं आहे ना, मग पाठवून द्या. पोचपावती आली नाही तर थोडं थांबून पुन्हा पाठवा. दोघांनी एकाच वेळी पाठवलं तर दोघांचंही बोलणं वाया जायचं. अब्रॅम्सन यांच्या हिशेबानुसार, अशा मोकळेपणात वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो. पुढे वेळेचे ठरावीक खण पाडून प्रत्येकाने खणाच्या सुरुवातीलाच बोलायचं असं ठरलं, तेव्हा हा आकडा दुप्पट होऊन ३७ टक्क्यांच्या आसपास गेला.

अलोहानेटमध्ये सगळं बोलणं एका केंद्रामार्फत व्हायचं. रिलेंच्या साखळीने, टप्प्याटप्प्याने, पॅकेट म्हणजे निरोपाचा तुकडा नेण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे आर्पाने, रॉबर्ट कान यांच्या पुढाकाराने सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात केला. त्याचं नाव पीआरनेट. तिथल्या डोंगरमाथ्यांवर रिले बसवले होते. २७ ऑगस्ट १९७६ रोजी एसआरआय या संस्थेची व्हॅन पोर्टोला व्हॅलीतल्या रोझोटीज नावाच्या बिअर गार्डनपाशी उभी राहिली. बाहेरच्या लाकडी टेबलावर टर्मिनल ठेवून एक साप्ताहिक अहवाल पाठवण्यात आला. तो आधी रेडिओवरून गेला आणि तिथून आर्पानेट या तारांच्या जाळ्यात शिरला. अंगात चाकं असलेला नोड आणि उंचावरचा रिले, ही जोडी तेव्हापासूनची आहे.

वादळ

निरोप सर्वांपर्यंत नेण्याची सगळ्यात सोपी रीत म्हणजे पूर, तांत्रिक भाषेत फ्लडिंग. निरोप पहिल्यांदा ऐकला की एकदा पुढे सांगायचा. तोच पुन्हा कानावर आला तर सोडून द्यायचा. प्रत्येक पॅकेटला क्रमांक असतो, त्यामुळे जुनं कोणतं ते ओळखता येतं. शंभर नोड असतील तर शंभर प्रसारणं, आणि काम संपलं. कागदावर यात काहीच खोट दिसत नाही.

खोट दिसते ती वेळेत. एक नोड बोलला की त्याच्या रेंजमधले सगळे ते जवळजवळ एकाच क्षणी ऐकतात आणि सगळ्यांनाच ते लगेच पुढे सांगायचं असतं. एकमेकांना ऐकू शकणारे नोड निदान हवा मोकळी होईपर्यंत थांबतात. पण एकमेकांच्या रेंजबाहेर असलेल्या दोघांना हवा मोकळीच वाटते. ते एकदम बोलतात आणि मधल्या तिसऱ्याच्या कानावर नुसता गोंगाट येतो. या ‘लपलेल्या नोड’ची अडचण फोआद तोबागी आणि लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्येच मांडली होती. वायफायमध्ये एका नोडला पाठवलेल्या पॅकेटची पोचपावती येते, ब्रॉडकास्टची येत नाही. ऐकणाऱ्या प्रत्येकाने पावती द्यायची म्हटलं तर पावत्यांचीच टक्कर होईल. त्यामुळे पॅकेट वाया गेलं हे पाठवणाऱ्याला कळतही नाही.

१९९९ च्या मोबिकॉम परिषदेत तैवानच्या त्सेंग यू-ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोंधळाला ‘ब्रॉडकास्ट वादळ’ असं नाव दिलं. नावापेक्षा महत्त्वाचं होतं ते त्यांनी केलेलं भूमितीचं मोजमाप.

एका नोडच्या रेंजचं वर्तुळ काढा. दुसरा नोड या वर्तुळात कुठेतरी आहे, म्हणून तर त्याने निरोप ऐकला. त्याचंही तेवढंच वर्तुळ काढा. त्याने निरोप पुन्हा सांगितला तर नवा भाग किती व्यापला जातो? वर्तुळाचा जो भाग पहिल्याच्या बाहेर उरतो, तेवढाच. दुसरा नोड पहिल्याच्या रेंजच्या अगदी काठावर उभा असला, तरी नवा भाग वर्तुळाच्या ६१ टक्क्यांवर जात नाही. तो कुठेही असू शकतो असं धरलं, तर सरासरी निघते ४१ टक्के. म्हणजे पहिल्याच पुनरुक्तीत निम्म्याहून जास्त मेहनत आधीच ऐकलेल्यांवर खर्च होते. तोच निरोप दोघांकडून ऐकल्यावर बोललं तर नवा भाग सुमारे १९ टक्के. तिघांकडून ऐकल्यावर साधारण ९. चौघांकडून ऐकल्यावर ५ टक्क्यांच्याही खाली.

हेच आकडे उलट्या बाजूने वाचले की गर्दीचा अंदाज येतो. एकाच नोडचं ऐकणारे दोन नोड एकमेकांच्याही रेंजमध्ये असण्याची शक्यता ५९ टक्के असते. मूळ बोलणाऱ्याभोवती दहा-बारा नोड असले, तर त्यातले बहुतेक परस्परांच्या वाटेत उभे असतात.

ऐकून ठरवायचं

यावर पहिला उपाय म्हणजे नाणेफेक. प्रत्येकाने पुढे सांगायचं की नाही हे ठरावीक शक्यतेवर सोडून द्यायचं. कॉर्नेल विद्यापीठातल्या हास, हॅल्पर्न आणि ली यांनी २००२ मध्ये दाखवलं, की पुरेशा दाट आणि मोठ्या जाळ्यात ही शक्यता ०.६ ते ०.८ ठेवली, तर निरोप जवळपास सगळीकडे पोचतो आणि प्रसारणं ३५ टक्क्यांपर्यंत वाचतात. या पद्धतीत धोका असतो तो आरंभीच. मूळ नोडचे दोन-तीनच शेजारी असले आणि सगळ्यांचं नाणं ‘नको’वर पडलं, तर निरोप जन्मतःच मरतो. तो तग धरून थोडा पसरला, की मग सहसा मरत नाही. म्हणून पहिल्या काही टप्प्यांपर्यंत सगळ्यांनी सांगायचंच आणि नाणं त्यानंतर उडवायचं, अशी सुधारणा त्यांनी सुचवली.

नाण्याला कान नसतात. दुसरा उपाय कानांवर चालतो. निरोप ऐकला की लगेच बोलायचं नाही. थोडा, प्रत्येकासाठी वेगळा, वेळ थांबायचं आणि तेवढ्यात तोच निरोप किती जणांनी सांगितला ते मोजायचं. मोजणी तीन-चारवर गेली की आपला बेत रद्द. लग्नाच्या मांडवात ‘पानं मांडली’ हे तिघांच्या तोंडून ऐकलेला चौथा माणूस ते पुन्हा ओरडत फिरत नाही, तसंच हे. वर आलेले ४१, १९, ९, ५ हे आकडे म्हणजे या मोजणीमागचं गणित. या पद्धतीची खरी खुबी अशी की शेजारी किती आहेत हे आधी माहीत असावं लागत नाही. दाट वस्तीत मोजणी झटपट भरते आणि बहुतेक नोड गप्प होतात. विरळ भागात ती भरतच नाही आणि जो ऐकेल तो बोलतो.

याच विचारावर २००४ मध्ये फिलिप लेव्हिस आणि सहकाऱ्यांनी ‘ट्रिकल’ ही पद्धत सेन्सरच्या जाळ्यांसाठी तयार केली. बॅटरीवर चालणाऱ्या शेकडो सेन्सरांपर्यंत सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती पोचवायची, एवढं तिचं मूळ काम. ‘माझ्याकडे अमुक आवृत्ती आहे’ असं प्रत्येकजण अधूनमधून सांगतो. शेजाऱ्यांकडून तेच ऐकू आलं की स्वतः गप्प राहतो. सगळं जुळत असेल तर पुढच्या बोलण्यातलं अंतर दुप्पट होत जातं. कोणाची आवृत्ती वेगळी ऐकू आली, की अंतर लगेच पुन्हा कमी होतं. सगळं ठीक असताना जाळं जवळजवळ मुकं असतं आणि नवी बातमी आली की काही क्षणांत जागं होतं. २०११ मध्ये आरएफसी ६२०६ या दस्तऐवजाने ट्रिकलला इंटरनेटच्या मानकांत जागा मिळाली.

नेमलेले रिले

ऐन वेळी ऐकून ठरवण्याऐवजी रिले आधीच नेमून ठेवता येतात. फ्रान्समधल्या इन्रिया या संस्थेत घडलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओएलएसआर पद्धतीत प्रत्येक नोड दर दोन सेकंदांनी ‘हॅलो’ म्हणतो आणि त्यात आपल्याला कोण कोण ऐकू येतं याची यादी देतो. त्यामुळे प्रत्येकाला आपले शेजारी कळतात आणि शेजाऱ्यांचे शेजारीही. त्यावरून तो आपल्या शेजाऱ्यांतून मोजके रिले निवडतो.

एक उदाहरण जवळून पाहू. आपण ‘म’ या नोडच्या जागी आहोत. शेजारी सहा: क, ख, ग, घ, च, छ. त्यांच्यापलीकडे आणखी सहा नोड आहेत, त्यांना १ ते ६ म्हणू. क मार्फत १, २, ३ ऐकतात. ख मार्फत २, ३. ग मार्फत ३, ४. घ मार्फत ४, ५. च मार्फत ५. छ मार्फत ५ आणि ६. आता आधी अडलेले बघायचे. १ ला क शिवाय कोणी नाही, म्हणून क हवाच. ६ ला छ शिवाय कोणी नाही, म्हणून छ हवाच. या दोघांत १, २, ३, ५, ६ झाले. उरला ४. त्याच्यासाठी ग किंवा घ, कोणीही एक चालेल. सहापैकी तिघांची नेमणूक झाली, बाकीचे तिघे निरोप ऐकतील पण पुढे सांगणार नाहीत. कमीत कमी रिले किती लागतील याचं अचूक उत्तर मोठ्या जाळ्यात काढणं संगणकालाही जड जातं. म्हणून दर वेळी जास्तीत जास्त नवे नोड गाठून देणारा शेजारी घ्यायचा, ही कामचलाऊ रीतच वापरतात, आणि ती बरीच चांगली निघते.

ओएलएसआरमध्ये एक माणुसकीची सोयही आहे. प्रत्येक नोड आपली तयारी ० ते ७ या आकड्यात कळवतो. ० म्हणजे मला रिले करूच नका, ७ म्हणजे मला नक्की करा. बॅटरी संपत आलेला नोड आकडा खाली आणतो. घरच्या विजेवर चालणारा वर ठेवू शकतो.

ही नेमणूक ताज्या यादीवर अवलंबून असते, आणि इथे गाडी अडते. दोन हॅलोंच्या मधल्या दोन सेकंदांत ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी ३३ मीटर पुढे जाते. शेजारी गेला असं मानायला ओएलएसआर सहा सेकंद थांबतं, तोवर तीच गाडी १०० मीटरवर असते. घरांच्या छपरांवर बसवलेल्या रेडिओंना याचा त्रास नाही. बर्लिनमधल्या फ्रायफुंक या नागरिकांच्या जाळ्याने म्हणूनच ओएलएसआर वर्षानुवर्षं वापरलं. रस्त्यावर अचानक ब्रेक लावणाऱ्या गाडीने मागच्यांना इशारा द्यायचा असेल, तर मात्र यादी बघत बसायला वेळ नसतो. तिथे ऐकून ठरवण्याचीच रीत चालते. ज्याला सिग्नल अगदी क्षीण मिळाला तो बहुधा सगळ्यात दूर आहे, म्हणून त्याने आधी बोलायचं. जवळच्यांनी थांबायचं आणि दूरच्याचा आवाज ऐकला की गप्प बसायचं. काठावरच्या नोडमुळे ६१ टक्के नवा भाग मिळतो, हा भूमितीचा धडा इथे थेट कामाला येतो.

गप्पांची किंमत, गप्प बसण्याची किंमत

इथपर्यंत वाचून वाटेल, की जितके जास्त गप्प तितकं जाळं चांगलं. तसं नाही. वरच्या उदाहरणात १ ला फक्त क कडून निरोप मिळतो. क बोलत असताना १ जवळून एखादा ट्रक गेला किंवा दुसऱ्या पॅकेटची टक्कर झाली, तर १ ला काहीच कळणार नाही, आणि पावती नसल्याने क लाही ते समजणार नाही. त्यामानाने ३ सुखी असू शकला असता. त्याला ख आणि ग मार्फतही ऐकू आलं असतं, पण ख ला आपणच गप्प बसवलं आहे, आणि ४ साठी घ निवडला असेल तर ग लाही.

रेडिओ लहरी भिंतींवरून, टेकड्यांवरून, वाहनांवरून परावर्तित होऊन येतात. त्यामुळे एका जागी स्पष्ट असलेला सिग्नल हातभर अंतरावर बुडालेला असतो. पण दोन वेगवेगळ्या जागांवरून आलेले सिग्नल एकाच वेळी बुडण्याची शक्यता बरीच कमी असते. २००४ मध्ये लेनमन, त्से आणि वॉर्नेल यांनी या आधारावर सहकारी रिलेचं गणित मांडलं. मूळ नोडचा क्षीण आवाज फेकून द्यायचा नाही, राखून ठेवायचा. रिलेने तोच निरोप सांगितला की दोन्ही प्रती एकत्र करून वाचायच्या. एकेकट्या वाचल्या तर दोन्ही अपुऱ्या, मिळून मात्र पुरेशा. अशा वेळी दुसऱ्या जागेवरून झालेली पुनरुक्ती वाया गेली असं म्हणता येत नाही.

सगळे एकदम

२०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या फेरारी, झिमरलिंग आणि सहकाऱ्यांनी ‘ग्लॉसी’ नावाची पद्धत पुढे आणली आणि गप्प कोणी बसायचं हा प्रश्नच उलटा केला. निरोप ऐकलेल्या सगळ्यांनी बोलायचं, आणि तेही एकाच क्षणी.

दोघे वेगवेगळं बोलले किंवा तेच पुढेमागे बोलले, तर टक्कर होते. तेच बिट अगदी एकाच वेळी निघाले, तर ऐकणाऱ्या चिपला ते बऱ्याच अंशी एकाच सिग्नलसारखे दिसतात. सेन्सरच्या जाळ्यांत चालणाऱ्या ८०२.१५.४ या मानकात चार बिटांसाठी ३२ छोटे संकेत पाठवले जातात. त्यातले काही बिघडले तरी अर्थ लागतो. ग्लॉसीची अट एवढीच, की सगळ्यांनी एका मायक्रोसेकंदाच्या निम्म्या वेळात बोलायला लागलं पाहिजे. एवढ्या वेळात प्रकाश जेमतेम १५० मीटर जातो. हे साधायला नोडमधली रेडिओ चिप पॅकेट संपताक्षणी, प्रोसेसरची इतर कामं बाजूला ठेवून, ते परत पाठवते.

याचा फायदा असा, की शेजारी कोण याची यादी नको, मोजणी नको, नेमणूक नको. प्रयोगांत बहुतेक वेळा नोडला पॅकेट मिळण्याची शक्यता ९९.९९ टक्क्यांहून जास्त निघाली आणि प्रत्येकाचा रेडिओ काही मिलिसेकंदच चालू राहिला. ही शिस्त मात्र सगळ्यांकडे एकसारखं हार्डवेअर असेल तरच पाळता येते. कारखाना, पूल किंवा इमारत यांसारख्या एका मालकाच्या जाळ्यात ते जमतं. वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या वयाचे रेडिओ जिथे एकत्र येतात, तिथे मोजणी आणि नेमणूक यांना पर्याय नाही.

गच्चीवरचा रेडिओ

हे सगळं आज हौशी माणसाच्या हातात आलं आहे. मेशटॅस्टिक हे मोफत सॉफ्टवेअर लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओ पद्धतीची चिप असलेल्या, तळहातावर मावणाऱ्या रेडिओंवर चालतं. भारतात ते ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात वापरतात. फोनला ब्लूटूथने जोडायचं आणि टॉवरशिवाय मजकूर पाठवायचा. आतली पद्धत या प्रकरणात आलेल्या कल्पनांचीच बनलेली आहे. पॅकेट ऐकलेला नोड थोडा थांबतो. ज्याला सिग्नल क्षीण मिळाला त्याची वाट पाहण्याची मुदत कमी. थांबलेलं असताना दुसऱ्या कोणी तेच सांगितलं, तर साधा नोड आपला बेत रद्द करतो. पॅकेटने किती टप्पे करायचे याचा आकडा मूळचा ३ असतो, फार तर ७ करता येतो.

हा आकडा ‘कशाला कमी?’ म्हणून ७ वर नेण्याचा मोह नव्या माणसाला होतोच. त्याआधी हिशेब करून पाहावा. मेशटॅस्टिकच्या नेहमीच्या सेटिंगवर वेग सेकंदाला साधारण एक किलोबिट असतो. शंभर बाइटचा निरोप जवळजवळ एक सेकंद हवा अडवतो. एकमेकांना ऐकू येणाऱ्या तीस रेडिओंनी तो पुढे सांगायचं ठरवलं, तर एका ‘पोचलास का?’साठी अर्धा मिनिट सगळ्यांची हवा बंद.

दुसरा मोह भूमिकेचा. मेशटॅस्टिकमध्ये नोडला ‘राउटर’ करता येतं. राउटर इतरांच्या आधी बोलतो आणि दुसऱ्याने सांगितलेलं ऐकून गप्प बसत नाही. डोंगरमाथ्यावरच्या, चहूकडे नजर जाणाऱ्या रेडिओसाठी हे योग्यच आहे, पीआरनेटचे रिलेही तिथेच होते. तीच भूमिका तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतल्या रेडिओला दिली, तर तो चार इमारतींपलीकडे पोचत नाही. उलट आपल्या आधी बोलण्याने तो दूरच्या चांगल्या रिलेला गप्प करतो आणि निरोप तिथेच अडकतो. मदत करायला निघालेला नोड असा अडथळा होऊन बसतो.

म्हणून एकच सेटिंग सगळीकडे चालत नाही. घाटातल्या दोन वाड्यांमध्ये एकच रेडिओ असेल, तर त्याने प्रत्येक निरोप पुढे सांगायलाच हवा. शहरातल्या सोसायटीत वीस रेडिओ असतील, तर त्यातल्या बहुतेकांनी नुसतं ऐकावं. मोजणीची मर्यादा शेजाऱ्यांच्या संख्येप्रमाणे आपोआप बदलावी, असं त्सेंग आणि सहकाऱ्यांनी पुढे २००३ मध्ये सुचवलं, ते याच कारणाने. तुम्ही नवा रेडिओ लावणार असाल, तर पहिले काही दिवस तो साध्या भूमिकेत ठेवा. किती नोड ऐकू येतात, एकच पॅकेट किती जणांकडून येतं, हवा किती वेळ व्यापलेली असते, हे बघा. तेच पॅकेट चौघांकडून येत असेल, तर तिथे पाचव्या रिलेची गरज नाही. तो रेडिओ उचलून जिथे एकाकडूनच आवाज येतो अशा जागी न्या.